रि: रि: नवरात्रात फुकेत – कोण कोण येणार?

प्रेषक: समीर (सहल समिती)

मंडळी, नमस्कार.

मंडळाची यंदाची सहल थायलंडमधल्या फुकेतला न्यावी असं समितीत घाटतंय. चिनी पंचांगातल्या नवव्या महिन्याचे पहिले नऊ दिवस तिथे शाकाहाराचा मोठा उत्सव असतो. यंदा तो १० ते १८ ऑक्टोबर. आपली घटस्थापना ११ला, म्हणजे त्यांचे नऊ दिवस आणि आपले नऊ दिवस जवळजवळ एकच. सिंगापूरहून विमानाने दोनेक तास. शनिवारी १०ला सकाळी निघायचं, सोमवारी रात्री परत.

नावं याच आठवड्यात कळवा, म्हणजे ग्रुप बुकिंग करता येईल. मुलाबाळांसकट नेमका आकडा सांगा. 'बघतो' हा आकडा धरला जाणार नाही.

– समीर

प्रेषक: अण्णा

समीर,

१० तारखेला सर्वपित्री आहे. कॅलेंडर उघडून बघितलंस का रे? पितरांचं पान वाढायचं आणि तसंच उठून विमानतळ गाठायचा? दुसऱ्या दिवशी घट बसवायचे तर आम्ही समुद्रावर! तारीख बदला, नाहीतर माझं नाव खोडा.

– अण्णा

प्रेषक: प्राची

अण्णांशी सहमत. शिवाय माझे आणि सासूबाईंचे नऊ दिवसांचे उपास असतात. तिथे आम्ही खायचं काय? मागे बँकॉकला 'नो मीट, नो फिश' असं चार-चारदा बजावून मागवलेल्या भाजीत तळाशी सुकट निघाली होती. आणि त्या उत्सवाचे फोटो बघितलेत का कुणी? गालातून सळया आरपार घातलेली माणसं! माझी धाकटी अजून बूस्टर डोसच्या सुईला घाबरते.

– प्राची

प्रेषक: मुग्धा

अण्णा, प्राची आणि सगळेच,

फुकेतला नोकरीला असताना हा उत्सव मी गावातच राहून पाहिलाय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी खाण्याचं. एरवी थायलंडमध्ये शाकाहारी माणसाचे हाल होतात, कारण भाजी भाजीचीच असली तरी तिच्यात नाम प्ला, म्हणजे मासे मिठात मुरवून काढलेलं पाणी, पडतंच. करीच्या वाटणात कापी असतो, तो कोळंबीचा. पालेभाजी परतली की वर ऑयस्टर सॉस. वाढणारी बाई 'मांस नाही' म्हणते ते तिच्या हिशेबाने खरंच असतं, मासळीला ती मांसात धरतच नाही. या नऊ दिवसांत मात्र पिवळ्या पताकेवर लाल अक्षरात 'जे' दिसलं की निर्धास्त बसा. मांस-मासे नाहीत, अंडं नाही, दूध-तूप नाही आणि कांदा-लसूणही नाही. लसणाची पात, लीक यांनाही मज्जाव. सगळा स्वयंपाक सोयाबीनवर आणि मशरूम-मुळ्याच्या पाण्यावर. पाटीवर 'मांगसाविरत' असेल तर ते वेगळं, तिथे अंडं आणि दूध चालतं. तेव्हा ऑर्डर देताना 'जे' एवढंच म्हणा.

चवीचं खरं सांगायचं तर निम्म्याहून जास्त पदार्थ तळलेले असतात. रानोंग रोडवर चुई तुईचं देऊळ आहे, त्याच्या बाहेर दुतर्फा कढया मांडलेल्या. अळकुडीचे काप, मक्याची भजी, टोफू, सगळं तेलातून थेट कागदी पुड्यात आणि वर शेंगदाण्याचं जाडसर कूट घातलेला आंबट-गोड-तिखट पाक. हे आवर्जून खा. पिवळ्या जाड शेवयांची 'होक्किएन मी' खा, ती या नऊ दिवसांत मांसाशिवाय करतात. ओ-एव हा फुकेतचा खास गोड पदार्थ आहे. केळं आणि एका झाडाच्या बियांचा चीक यांची जेली, त्यावर बर्फाचा चुरा, लाल सरबत आणि उकडलेला राजमा. ऐकायला विचित्र वाटतं, पण दुपारी दोनच्या उन्हात दुसरं काही सुचत नाही.

नकली मांसाच्या वाटेला मात्र जाऊ नका. ग्लूटेनचं बदक करतात, त्याला भाजल्यासारखा तांबूस रंग देतात आणि पिसं उपटल्यावर कातडीवर राहतात ते बारीक फोडही त्यावर उमटवतात. जन्मात मांस न खाल्लेल्याला ते बघूनच मळमळतं. माझ्या शेजारणीचा मात्र जीव त्यावर. वर्षभर डुक्कर खाणारी बाई, नऊ दिवसांत तिला तेवढाच आधार.

उपासवाल्यांनी एक लक्षात घ्या: 'जे' म्हणजे आपला उपास नव्हे. भात, शेवया, टोफू, डाळी सगळं त्यांना चालतं. पण उपाशी कुणी राहणार नाही. साखू म्हणजे साबुदाणाच, नारळाच्या दुधातला. त्यात मका किंवा काळा घेवडा नाही ना, एवढं बघून घ्या. भाजलेली रताळी, निखाऱ्यावरची केळी आणि उकडलेल्या शेंगा गाड्यांवर मिळतात. फुकेतचा अननस लहान आणि कुरकुरीत असतो. तळलेली केळी टाळा, त्यांच्या पिठात तांदूळ असतो. वऱ्याचे तांदूळ आणि राजगिऱ्याचे लाडू इथूनच न्या. चहाचं सांगून ठेवते: उत्सवाच्या गाड्यांवर दुधाचा चहा मिळणार नाही, सोयाच्या दुधाचा मिळेल.

मला स्वतःला सगळ्यात आवडायचं ते देवळामागचं स्वयंपाकघर. पांढऱ्या कपड्यांतल्या बायका जमिनीवर बसून कोबीच्या राशी चिरताहेत, पुरुष फावड्याएवढ्या उलथण्यांनी कढया ढवळताहेत. गावातली कुटुंबं देवळात नाव नोंदवतात आणि जेवणाच्या वेळी पिंतो घेऊन रांगेत उभी राहतात. पिंतो म्हणजे आपला चार खणांचा डबा, कडीसकट. एका खणात भात, एकात रस्सा, एकात परतलेली भाजी. उत्सवाआधी घरचं स्वयंपाकघर घासूनपुसून घेतात, 'जे' भांडी वेगळी काढतात आणि न पाळणाऱ्यांना ती वापरू देत नाहीत. माझी घरमालकीण मला तिच्या ओट्याला हात लावू द्यायची नाही. माझ्या आजीचं आणि तिचं छान जमलं असतं.

आता सळया. ते खरं आहे, मऊ करून सांगत नाही. अंगात आलेल्यांना 'मा सोंग' म्हणतात. ते गालातून सळया, तलवारी, कधी कधी याहूनही चमत्कारिक वस्तू आरपार घालून मिरवणुकीत चालतात. लोक घरापुढे टेबल मांडून त्यावर लाल कापड, फळं, फुलं आणि चहाचे इवले कप ठेवतात. मा सोंग थांबतो, एखादा कप उचलतो, घरातल्यांना आशीर्वाद देतो. मागून पालख्या येतात आणि पालखी उचलणाऱ्या पोरांच्या डोक्यावर बांबूला लटकवलेल्या फटाक्यांच्या माळा फुटत असतात. परदेशी पर्यटक कॅमेरे घेऊन येतात ते यासाठीच, आणि माझ्या मते तिथेच फसतात. मिरवणुका सकाळच्या असतात. मुलांना घेऊन सकाळी पोहायला जा आणि संध्याकाळी देवळाच्या अंगणात जेवायला या, एकही सळई दिसायची नाही.

हे सुरू कसं झालं, तर सांगतात की १८२५च्या सुमारास फुकेतमधल्याच काथूला कथिलाच्या खाणी होत्या, चिनी मजूर होते आणि त्यांच्यासाठी चीनहून एक नाटक मंडळी आली होती. ती हिवतापाने आजारी पडली. मग त्यांनी, ज्यांचा हा उत्सव त्या नऊ सम्राट देवांची आराधना करून शाकाहार धरला आणि ती बरी झाली. काथूचं देऊळ अजून आहे. गावापासून थोडं आत, गर्दीही कमी.

माझं म्हणणं एवढंच की पहिले दिवस सोडा आणि शेवटचे धरा. नवव्या रात्री देवांना निरोप द्यायला सगळं गाव सफान हिनला समुद्रावर जातं. त्या रात्री फटाके इतके फुटतात की रस्ता दिसत नाही. सुती कपडे घाला, नायलॉन अजिबात नको. गॉगल, मास्क आणि कानात बोळे हवेतच. पण बघावं तर तेच.

– मुग्धा

प्रेषक: मकरंद

पंचांगाचा मुद्दा निघालाच आहे तर थोडी भर.

दोन नवरात्रं दर वर्षी जुळत नाहीत. २०२४ला दोन्ही ३ ऑक्टोबरलाच सुरू झाली. २०२५ला मात्र आपली घटस्थापना २२ सप्टेंबरला आणि त्यांचा पहिला दिवस २१ ऑक्टोबरला, म्हणजे आपल्या लक्ष्मीपूजनाला. घोळ अधिक महिन्याचा. दोघंही १९ वर्षांत ७ अधिक महिने घालतात आणि दोघांचा नियमही एकच: ज्या चांद्र महिन्यात सूर्य राशी बदलत नाही तो अधिक. फक्त आपण राशी निरयन, म्हणजे स्थिर ताऱ्यांवरून मोजतो आणि ते सायन, म्हणजे वसंतसंपातापासून. दोन्हींच्या आरंभात अयनांशाचा, साधारण २४ अंशांचा फरक आहे, त्यामुळे नियम एक असूनही महिना वेगळा सापडतो. त्यांचा अधिक सहावा महिना गेल्या जुलै-ऑगस्टमध्येच झाला, आपला अधिक ज्येष्ठ यंदा मे-जूनमध्ये. आता दोघं पुन्हा बरोबर आलेत.

अण्णा, सर्वपित्रीचं कारणही यातच आहे. ज्या दिवशी अमावास्या संपते तोच दिवस ते महिन्याचा पहिला धरतात. आपण प्रतिपदा पुढच्या सूर्योदयापासून धरतो. यंदा अमावास्या १०च्या रात्री संपते, म्हणून त्यांचा पहिला दिवस आणि आपली सर्वपित्री एकत्र.

– मकरंद

प्रेषक: स्नेहल

मुग्धा, मेल वाचून भूक लागली. पण उत्सवाचे नियम मीही वाचले. सुतकात असलेल्यांनी, गरोदर बायकांनी आणि पाळी चालू असलेल्या बायकांनी विधी बघायचे नाहीत म्हणे. हे सगळं सोडून आपण सिंगापूरला आलो. आता तिकीट काढून तिथे जाऊन पुन्हा कोपऱ्यात बसायचं का? मंडळाने अशा ठिकाणी सहल न्यावी का, यावर आधी बोलूया.

– स्नेहल

प्रेषक: मुग्धा

स्नेहल, नियम आहे, नाही म्हणत नाही. दारात उभं राहून मला कधी कुणी विचारलं नाही आणि जेवणाच्या रांगेत तर मुळीच नाही. पटला म्हणून मी तो पाळला असंही नाही. गाभाऱ्यापुढे विधी चालू असले की मी बाहेर कढयांपाशी असायचे, कारण मला रस तिथेच होता. पण मंडळाने सहलीच्या पत्रकात हा नियम आधीच लिहावा. ज्याचं त्याने ठरवावं, तिथे गेल्यावर कळायला नको.

– मुग्धा

प्रेषक: अण्णा

स्नेहल, तुझा राग रास्त आहे. आमच्या घरी आईने हे बंद केलं ते वडिलांशी वर्षभर अबोला धरून. पण पाहुण्याने यजमानाच्या देवघरात वाद घालू नये असं मला वाटतं. वाद घालायला आपलं मंडळ आहे.

मकरंद, छान समजावलंस. तरी १० तारीख नाहीच.

– अण्णा

प्रेषक: प्राची

मी नाही आले तरी एक सुचवते. हेच नऊ सम्राट देव इथे हौगांगला आहेत. अपर सेरंगून रोडवरचं तौ मू कुंग देऊळ. २००५पासून ते राष्ट्रीय स्मारक आहे. तिथेही याच नऊ दिवसांत पिवळे झेंडे लागतात आणि लोक पांढऱ्या कपड्यांत येतात. ज्यांना घट सोडून जाता येत नाही त्यांनी एका संध्याकाळी तिथे जाऊ. जाता जाता ओंदे-ओंदे खाऊ: पांदनच्या सुवासिक पानांची हिरवी गोळी, आत ताडगूळ, वर ओलं खोबरं. पीठ चिकट तांदळाचं, म्हणून उपासाला चालत नाही, पण सासूबाईंनी मागच्या वर्षी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी डबाभर मागवले होते.

– प्राची

प्रेषक: समीर (सहल समिती)

मंडळी,

समितीने काल बसून ठरवलं ते असं.

सहल शुक्रवार १६ ऑक्टोबरच्या संध्याकाळी निघेल आणि सोमवार १९च्या दुपारी परत येईल. रविवारी १८ला सफान हिनचा निरोप बघायचा. दसरा मंगळवारी २०ला, तोवर सगळे घरी. शनिवारी १७ला ठेवलेला भोंडला २४ला ढकललाय. कोजागरीपर्यंत भोंडला चालतो हे दोन मावश्यांना विचारून घेतलंय, तेव्हा त्यावर नवा धागा काढू नये.

थायलंडचं डिजिटल अरायव्हल कार्ड प्रत्येकाने, लहान मुलांचंही, पोचण्याआधीच्या तीन दिवसांत ऑनलाइन भरायचं. ते फुकट असतं, पैसे मागणाऱ्या वेबसाइटवर भरू नका. पांढरे सुती कपडे दोन जोड. स्नेहलने सांगितलेला नियम पत्रकात छापतोय. सकाळच्या मिरवणुकीला कुणालाही नेणार नाही, ज्याला जायचं त्याने आपापलं जावं. हौगांगची संध्याकाळ बुधवारी १४ला, ती प्राची बघेल.

आतापर्यंत नक्की आकडा फक्त मकरंदने दिलाय.

– समीर

प्रेषक: अण्णा

समीर, आमची दोन नावं घे. घट थोरल्याकडे बसवतो, दिवा सूनबाई बघेल म्हणाली. विमानात खिडकीची जागा दे. चहाची पावडर आणि दुधाची भुकटी मी आणतोय, ज्यांना सोयाचा चहा नको त्यांनी सकाळी साडेसहाला माझ्या खोलीवर यावं.

– अण्णा

प्रेषक: मुग्धा

अण्णा, साडेसहाला मीही येते. फक्त तो कप हातात घेऊन देवळाच्या अंगणात शिरू नका. आणि चार खणांचा डबा कुणाकडे असेल तर आणा, माझं झाकण हरवलंय.

– मुग्धा