इनबॉक्समधला केर: सोलापूरकरांनो, आपापले अनुभव सांगा

डिसेंबरातली गोष्ट. माझं जुळे सोलापुरात झेरॉक्सचं आणि ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचं दुकान आहे. एक मावशी लेकीला घेऊन आल्या. लेकीच्या मुलाखतीचं बोलावणं मेलवर येणार होतं, आलंच नाही. कंपनीवाले म्हणतात आम्ही पाठवलं, परत आलं. लेकीनं अर्जात आईचा ईमेल दिलेला. उघडून बघतो तर वरच लिहिलंय, जागा संपली. गुगल फुकटात १५ जीबी देतं, ते भरलं की आलेला मेल पाठवणाऱ्याकडे परत जातो. न वाचलेले मेल होते १४,३१२.

मावशी म्हणाल्या, "एवढी पत्रं मला कोण लिहायलंय रे?"

कर्ज घ्या, रमी खेळा, केसगळती थांबवा, घरबसल्या टायपिंग करा, शिवाय कुठल्या तरी अमेरिकन गावात छपराच्या पन्हाळी साफ करून देण्यावर सूट. मावशींचं घर पत्र्याचं. ईमेल कुणाकुणाला दिला होता विचारलं तर बराच वेळ आठवत बसल्या. मग म्हणाल्या, सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत एका स्टॉलवर चिठ्ठी भरली होती, 'स्कूटर जिंका'. नाव, मोबाइल, ईमेल. स्कूटर लागली नाही, बाकी सगळं लागलं.

दीड तास बसून साफ केलं. मोबाइलच्या ॲपवर हे काम नीट होत नाही, कॉम्प्युटर बरा. सर्चमध्ये 'अनसबस्क्राइब' (यादीतून नाव काढा) हा शब्द इंग्रजीत टाकला की जाहिरातींचे बहुतेक मेल एका रांगेत येतात. सगळे निवडायचे, मग वर जी ओळ येते तिच्यावरून जुळणारे बाकीचेही निवडायचे, उडवायचे. आणि ट्रॅशही रिकामा करायचा, नाहीतर ३० दिवस ते तिथंच जागा अडवून बसतात. एवढं करून सुटली किती जागा? दीड जीबी. खरी जागा खाल्ली होती व्हॉट्सॲपच्या बॅकअपनं, २०२४ पासून अँड्रॉइडवर तोही याच १५ जीबीत मोजतात. म्हणजे भाऊबंदांच्या गुड मॉर्निंगमुळं मुलाखत हुकली, केसगळतीवाले बिचारे उगाच बदनाम.

तर तुमचं काय? फसलेल्यांनीही लिहा. नावं नकोत, कंपन्यांचीही नकोत. धंदा आणि गल्ली पुरे.

इंजिनिअरिंगचं तिसरं वर्ष, अशोक चौक

मावशींचं बरं आहे बे, निदान मेल त्यांचेच होते. मला येतात ते दुसऱ्याचे. हैदराबादेत माझ्याच नावा-आडनावाचा एक माणूस आहे. माझ्या आयडीत टिंब नाही, तो मध्ये टिंब घालून सगळीकडं सांगतो. जीमेल टिंब मोजतच नाही, त्यामुळं सगळं माझ्याकडं. त्याच्या गाडीचे टायर कधी बदलले, गॅसचं बिल किती, मला ठाऊक. त्याच्या पोरीचं युनिट टेस्टचं टाइमटेबल तर पाठ आहे. शेवटी शाळेला लिहिलं, मी सोलापूरचा, माझं लग्नसुद्धा झालेलं नाही. शाळेचं उत्तर आलं, "आदरणीय पालक, आपल्या सूचनेबद्दल आभार."

एक कामाची ट्रिक. जीमेलच्या आयडीत ॲटच्या आधी अधिकचं चिन्ह टाकून पुढं काहीही लिहा, मेल तुमच्याकडंच येतो. मी बारावीच्या एका क्लासला नावापुढं '+क्लास' लावून आयडी दिला होता. सहा महिन्यांनी त्याच '+क्लास'वर परदेशी एमबीबीएसवाल्यांचा मेल आला. यादी कुणी विकली ते विचारायचं कामच उरलं नाही. विचारायला गेलो होतो तरी. तिथले सर म्हणाले, अधिकचं चिन्ह टायपिंग मिस्टेक असेल.

टॉवेल कारखाना, अक्कलकोट रोड एमआयडीसी (मी सांगतोय, मुलगी टाइप करतेय)

दुकानवाले दादा, तुमच्या मावशींचा मेलबॉक्स खरंच भरला होता. आमचा भरला नव्हता, पण भरला असा मेल आला. ऑफिसातल्या पोरानं त्यातल्या लिंकवर जाऊन पासवर्ड टाकला. पान हुबेहूब. काही झालं नाही, म्हणून आम्ही विसरलो.

पाच महिन्यांनी विणकामाची जुनी रेपियर मशीन घ्यायचं ठरलं, बाहेरच्या देशातून. व्यापारी तीन वर्षांच्या ओळखीचा. भाव ठरला, मशीनचे फोटो आले, ॲडव्हान्सची वेळ आली आणि त्याचा मेल आला: आमच्या खात्याचं ऑडिट चालू आहे, पैसे या दुसऱ्या खात्यावर टाका. खाली आमचा आजवरचा सगळा पत्रव्यवहार जसाच्या तसा. पोराला शंका यायचं कारणच नव्हतं, मलाही आली नाही. चार लाख ऐंशी हजार गेले.

नऊ दिवसांनी त्या व्यापाऱ्याचाच फोन आला, पैसे कधी टाकताय. तेव्हा बसून मेल बघितला. त्याच्या कंपनीच्या नावात इंग्रजी एम आहे. या मेलमध्ये एमच्या जागी आर आणि एन शेजारी शेजारी चिकटवलेले. माझ्या चष्म्यातून दोन्ही एकच. मुलीनं मोबाइलवर बोटांनी मोठं करून दाखवलं तेव्हा दिसलं. टॉवेलच्या किनारीत एक धागा चुकला तर मी दहा फुटांवरून सांगतो, आणि हे नाकासमोर दिसलं नाही.

पुढं आणखी एक कळलं. आमच्याच मेलबॉक्सच्या सेटिंगमध्ये कुणीतरी एक नियम घालून ठेवला होता. ज्या मेलमध्ये 'इन्व्हॉइस' शब्द येईल त्याची एक प्रत परस्पर बाहेर जाणार. पाच महिने चोर आमच्या गल्ल्यावर बसून हिशेब वाचत होता. पासवर्ड बदलून भागत नाही, फॉरवर्डिंग आणि फिल्टर उघडून बघावं लागतं.

सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन केला, तक्रार नोंदवली. तिथल्या बाईंनी विचारलं, पैसे कधी गेले. नऊ दिवस म्हटल्यावर त्या क्षणभर गप्पच. पहिल्या काही तासांत कळवलं तर खात्यातली रक्कम गोठवता येते, आणि आमची तर देशाबाहेर गेलेली. बँकेनं समोरच्या बँकेला कळवलं, खातं तोवर रिकामं. आता खाते नंबर बदलल्याचा मेल आला की जुन्या नंबरवर फोन करून आवाज ऐकतो. मेलमध्ये दिलेल्या नंबरवर नाही.

निवृत्त बँक अधिकारी, होटगी रोड

मालक, वाचून वाईट वाटलं. मोबाइलवर मेल पाठवणाऱ्याचं फक्त नाव दिसतं, पत्ता नाही. नावात कुणीही काहीही लिहू शकतो. नावावर बोट ठेवून पत्ता उघडायचा. रिझर्व्ह बँकेनं बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत आपली संकेतस्थळं 'डॉट बँक डॉट इन'वर न्यायला सांगितलं होतं; हे आडनाव कुणा सोम्यागोम्याला मिळत नाही. इन्कम टॅक्स रिफंडचंही तसंच, शेवट 'गव्ह डॉट इन' हवा. तो शब्द अधेमध्ये असून उपयोग नाही, पत्त्याच्या अगदी शेवटी हवा.

मला स्वतःला एकदाच मोह झाला. रिफंड ₹१८,४४० असा आकडा होता. राउंड फिगर असती तर हसलो असतो.

मराठीची प्राध्यापक, सात रस्ता

माझी जंक फार आदरानं येते. 'परमआदरणीय प्रोफेसर, आपल्या अलौकिक संशोधनानं आम्ही भारावलो आहोत.' माझं संशोधन ओव्यांवर, सोलापूर-अक्कलकोटकडच्या जात्यावरच्या. निमंत्रण हृदयरोग परिषदेचं, दुबईत, प्रमुख वक्त्या म्हणून. नोंदणी शुल्क अर्थातच डॉलरमध्ये. जर्नलवाले तर तीन दिवसांत तज्ज्ञांकडून तपासून छापतो म्हणतात. आमच्याकडं शिपायाची सही तीन दिवसांत मिळत नाही.

हसण्यावारी नेते खरी, पण एका सहकाऱ्यानं बढतीच्या गडबडीत अशाच एकाला पैसे भरले. लेख छापून आला. दीड वर्षानं ते संकेतस्थळच नाहीसं झालं, लेखासकट. आता फाइलला लावायला एक प्रिंटआउट आहे फक्त, तीही रंग उडालेली.

जाता जाता, आपल्याला वाटतं हा आजार नवा आहे. ३ मे १९७८ ला डीईसी या अमेरिकन कॉम्प्युटर कंपनीच्या गॅरी थुअर्क या माणसानं अर्पानेट या इंटरनेटच्या आधीच्या जाळ्यावरच्या चारशेच्या आसपास लोकांना एकगठ्ठा जाहिरात धाडली. लोक भडकले, त्याला तंबी मिळाली, पण मशीनही खपली म्हणे. रडगाणं तिथूनच सुरू झालं, कारण मशीन खपली.

नाव आणि गल्ली दोन्ही नको

मी ५८ वर्षांचा, सरकारी नोकरीत आहे. एके सकाळी मेल आला. विषयाच्या ओळीत माझा पासवर्ड. खरा. खाली इंग्रजीत लिहिलेलं की तुमच्या कॅमेऱ्यातून तुमचं नको ते चित्रण केलंय, ४८ तासांत बिटकॉइनमध्ये पैसे द्या, नाहीतर सगळ्या ओळखीच्यांना पाठवू.

मी तसलं काही केलेलं नव्हतं. पण पासवर्ड खरा होता ना! दोन दिवस जेवण गेलं नाही. घरात कुणाचा फोन वाजला तरी छातीत धस्स व्हायचं. बिटकॉइन म्हणजे काय हे विचारायलासुद्धा लाज वाटत होती. तिसऱ्या दिवशी मुलानं पकडलं. मेल वाचून तो हसला, तेव्हा मला रडू आलं.

त्यानं समजावलं ते असं. मी दहा-बारा वर्षांपूर्वी कुठल्या तरी साइटवर हाच पासवर्ड दिला होता. ती साइट फुटली, लाखोंचे ईमेल आणि पासवर्ड बाहेर आले, आणि कुणीतरी तीच यादी लावून हे एकच पत्र सगळ्यांना धाडलं. चित्रण वगैरे काही नसतं. 'हॅव आय बीन पोन्ड' नावाची साइट आहे, ऑस्ट्रेलियातल्या ट्रॉय हंट यांनी २०१३ मध्ये सुरू केलेली. तिथं आपला ईमेल टाकला की तो कुठल्या कुठल्या फुटलेल्या यादीत आहे ते दिसतं. माझा चार ठिकाणी होता.

पासवर्ड होता 'सिद्धेश्वर१२३'. मुलगा म्हणाला, बाबा, निम्म्या सोलापूरचा हाच असेल.

इंजिनिअरिंगचं तिसरं वर्ष, अशोक चौक

काका, माझा होता. आत्ताच बदलला.

गणवेशाचा कारखाना, विडी घरकुल परिसर

सगळे जंक पाठवणाऱ्याला शिव्या देताय. मी देऊ शकत नाही, कारण मीच ती.

तीन वर्षांपूर्वी एकानं दोन हजार रुपयांत यादी विकली. वीस हजार शाळांचे ईमेल, कर्नाटक, तेलंगण, आंध्रसुद्धा. मला वाटलं लॉटरी लागली. शर्ट, पिनो, ट्रॅकसूट, सगळ्याचे फोटो घालून एका रात्रीत सोडले. निम्मे परत आले, पत्तेच मेलेले. बाकीच्यांतून ऑर्डर एकही नाही. एका मुख्याध्यापिकेचं उत्तर आलं, तेवढंच, "ताई, आमची शाळा २०१९ ला बंद झाली."

खरा तमाशा पुढं. लोकांनी माझ्या मेलवर 'स्पॅम'चं बटण दाबलं असणार, कारण महिनाभरात माझ्या नेहमीच्या गिऱ्हाइकांना कोटेशन मिळेनासं झालं. बेळगावची एक संस्था, सात वर्षांची जुनी, ती म्हणाली तुम्ही दर पाठवलाच नाही, आम्ही दुसरीकडं दिलं. दर त्यांच्या स्पॅममध्ये पडून होता. तिथं ३० दिवसांनी आपोआप पुसला गेला, मला दाखवायलासुद्धा उरला नाही. साडेतीन हजार गणवेश गेले हातातले.

मग वेबसाइटवाल्या पोरानं सांगितलं, फेब्रुवारी २०२४ पासून गुगलनं नियम कडक केलेत. मेल खरंच तुमच्याच नावानं निघाला याचा पुरावा लागतो, एसपीएफ आणि डीकेआयएम म्हणतात त्याला, आणि दिवसाला पाच हजारांवर पाठवणाऱ्यांना तर दोन्ही लागतात, शिवाय एका क्लिकमध्ये यादीतून बाहेर पडायची सोयही द्यावी लागते. आमच्याकडं यातलं काहीच नव्हतं. त्यानं डोमेनच्या सेटिंगमध्ये दोन ओळी टाकल्या, दहा मिनिटांचं काम. नाव सुधारायला मात्र आठ महिने गेले. अजून मेल पाठवला की मागोमाग फोन करते, "सर, स्पॅममध्ये बघता का जरा?"

दुकानवाला, जुळे सोलापूर

ताई, तुमचा अनुभव सगळ्यात भारी. काउंटरवर प्रिंट काढून लावावा म्हणतो.

एक राहिलं. खूप जणांनी विचारलं, अनसबस्क्राइब दाबावं की स्पॅम? मी असं करतो: ज्या दुकानाला आपणच कधीतरी ईमेल दिला, तिथं जीमेल पाठवणाऱ्याच्या नावाशेजारी दाखवतं ते अनसबस्क्राइब. ज्याला ओळखतच नाही, त्याच्या मेलमधल्या कुठल्याच लिंकला हात लावायचा नाही, सरळ स्पॅम. हात लावला की त्याला कळतं, इथं माणूस राहतो.

आणि लॉटरी, नायजेरियाचा राजपुत्र असले येडचाप मेल कुणासाठी असतात, असं एकानं विचारलं होतं. मायक्रोसॉफ्टच्या कॉर्मक हर्ली या संशोधकानं २०१२ मध्ये याचाच हिशेब मांडला. मेल मुद्दाम येडचाप ठेवतात. शहाणे पहिल्याच ओळीला गळतात, उरतो तो अगदी भोळा, आणि त्याच्यावरच मेहनत घ्यायची. ज्वारी पाखडल्यागत, फक्त हे लोक फोल ठेवतात.

मावशींच्या लेकीला दुसरीकडं काम लागलं, पेढे मिळाले. पेढे देताना मावशी म्हणाल्या, यंदाही गड्ड्याला जाऊन आले, यंदा स्टॉलवर फ्रीज होता. मी म्हटलं, मावशी, पुन्हा ईमेल दिलात? म्हणाल्या, "छे रे, माझा नाही दिला. तू एवढं सांगितलंस की. तुझ्या दुकानाच्या बोर्डावर आहे ना, तो दिला."

कालपासून मला केसगळतीचे मेल सुरू झालेत.