सीनियर लिव्हिंगमध्ये 'कृतज्ञता' या विषयावर कार्यक्रम घेतला आणि तो फसला, पुढे काय करू?

पाऊलवाट

नमस्कार मंडळी. धागा काढायचं कारण असं की आई दीड वर्षापासून एका सीनियर लिव्हिंगमध्ये राहतेय, वय ७९, बाबा गेल्यावर तिचं तिनेच ठरवलं. मी दर शनिवारी जाते. तिथल्या ॲक्टिव्हिटी बघणाऱ्या ताईंनी विचारलं की महिन्यातून एक कार्यक्रम तुम्ही घ्याल का, मी लगेच हो म्हटलं कारण मला मनापासून करायचंच होतं काहीतरी. विषय ठरला कृतज्ञता. गोल करून २२ खुर्च्या लावल्या, माइक फिरवायचा आणि प्रत्येकाने आज मनात ज्याच्याबद्दल आभार आहेत अशी एक गोष्ट सांगायची, एवढंच.

पहिल्या सात-आठ जणांनी "सगळं छान आहे, सगळ्यांचे आभार" एवढंच म्हटलं. मग माइक एका काकांकडे आला, त्यांच्या पत्नी चार महिन्यांपूर्वी गेल्यात हे मला माहीत नव्हतं, त्यांचा हात थरथरत होता आणि माइक खुर्चीच्या दांड्यावर टकटक आपटायला लागला, तो आवाज पूर्ण हॉलभर येत होता, शेवटी त्यांनी न बोलताच माइक पुढे दिला. पुढच्या आजींनी तो घेतला आणि म्हणाल्या, "अंघोळ घालणाऱ्या मुलीला मी थँक्यू म्हणते, पाणी दिलं की थँक्यू, खाली पडलेला चष्मा उचलून दिला की थँक्यू. सकाळपासून रात्रीपर्यंत तेच. आता इथे येऊन पण तेच करायचं? किती मिंधं व्हायचं माणसाने?" आणि वॉकर घेऊन निघून गेल्या.

त्यानंतर कुणी काही बोललंच नाही. आई रात्री फोनवर म्हणाली, तू वाईट वाटून घेऊ नकोस, पण त्या खरं बोलल्या.

तेव्हापासून डोक्यात हेच चाललंय. हा विषय सोडून द्यावा असं मला अजूनही वाटत नाही, कारण आईला स्वतःला रात्री झोपताना दिवसातल्या चांगल्या गोष्टी आठवायची सवय आहे आणि तिला त्याने बरं वाटतं हे मी बघितलंय. पण कुणाला दुखवायचंही नाहीये. कुणी असं काही घेतलंय का, किंवा तुमच्यापैकी कुणी अशा ठिकाणी राहतं का?

निवांत_संध्याकाळ

पाऊलवाट ताई, मी ७६ वर्षांचा आहे, सहा वर्षं अशाच ठिकाणी राहतोय, त्यामुळे त्या आजींच्या बाजूने लिहितो. त्या रागीट आहेत असं कृपया समजू नका.

इथे आल्यावर माणसाचं देणं बंद होतं आणि नुसतं घेणं सुरू होतं, हे बाहेरून कळत नाही. घरात होतो तेव्हा कुणी माझं काही केलं तर मीही त्याचं काहीतरी करायचो, हिशोब कुणी ठेवत नव्हतं पण तो आपोआप बरोबरीत यायचा. इथे जेवण समोर येतं, अंथरूण कुणीतरी घालतं, गोळ्या कुणीतरी आणून देतं, आणि मला कुणी काहीच मागत नाही. मागत नाही हे फार लागतं हो. उतराई व्हायची वाटच बंद झाली की आभाराचा शब्द जड होतो, मग तो तोंडातून निघतो पण आत काही हलत नाही.

माझ्यात फरक कशाने पडला ते सांगतो. आमच्या मजल्यावर चौघांना कानाचं मशीन आहे. त्याचा सेल एवढासा, आमच्याकडे नारिंगी स्टिकरवाला १३ नंबरचा लागतो, आणि म्हातारपणी बोटांना तो धड जाणवतही नाही, हातातून निसटला की पलंगाखाली. माझी बोटं अजून चांगली आहेत. म्हणून रविवारी सकाळी मी चौघांचे सेल तपासतो, संपत आले असतील ते बदलतो. त्यातल्या एक बाई शाळेत शिकवायच्या, त्या दार उघडं ठेवून तळहातावर मशीन घेऊन बसलेल्या असतात. मशीन कानात घातलं की आधी मान वळवून पंख्याकडे बघतात, कारण पंख्याचा आवाज त्यांना आधी येतो. मग माझ्याकडे बघतात. थँक्यू त्या कधीच म्हणत नाहीत आणि मला ते नकोही आहे, पण मला डोळ्यांना नीट दिसत नाही म्हणून त्या जेव्हा मला पेपर वाचून दाखवतात तेव्हा मी त्यांचे अगदी मनापासून आभार मानतो, आणि तो आभार मला जड होत नाही.

तुम्ही माइक फिरवलात त्याऐवजी कुणाला काय येतं हे विचारलं असतंत तर त्या आजी थांबल्या असत्या असं मला वाटतं.

जुनी_वही

काकांना पूर्ण अनुमोदन. मी ११ वर्षं हेच काम केलंय, ॲक्टिव्हिटी कोऑर्डिनेटर म्हणून, आता निवृत्त. लांबणार आहे पोस्ट, कारण यात मी स्वतः खूप चुका करून शिकलेय.

आधी तुमच्या मूळ कल्पनेबद्दल, ती चुकीची नाहीये. २००३ मध्ये एमन्स आणि मॅककलो या दोन मानसशास्त्रज्ञांचा अभ्यास आला होता, त्यात काही लोकांना दहा आठवडे दर आठवड्याला ज्यांच्याबद्दल कृतज्ञ वाटतं अशा पाच गोष्टी लिहायला सांगितल्या, काहींना त्रासाच्या गोष्टी लिहायला सांगितल्या, आणि पहिल्या गटाला आपलं आयुष्य जास्त बरं वाटत होतं. पण त्यात कुणाला २२ लोकांसमोर माइक धरून बोलायला लावलं नव्हतं, आपापलं कागदावर लिहायचं होतं. आणि ते विद्यार्थी होते, नंतर त्याच अभ्यासात स्नायू आणि नसांचे आजार असलेल्या मोठ्या माणसांकडूनही रोज लिहून घेतलं, तिथेही फायदा दिसला. तुमच्या आई रात्री जे करतात ते जवळजवळ हेच आहे. खासगीत, आपल्या गतीने. ती गोष्ट हॉलमध्ये आणली की तिचं हजेरी घेणं होतं.

दुसरं, काका म्हणतात ते देण्याचं. लँगर आणि रोडिन यांनी १९७६ मध्ये अमेरिकेत कनेक्टिकटमधल्या एका नर्सिंग होममध्ये एका मजल्यावरच्या लोकांना सांगितलं की तुमच्या दिवसाचं तुम्ही ठरवा, आणि एक रोप हवं असेल तर घ्या, पण पाणी तुम्हीच घालायचं. दुसऱ्या मजल्यावर रोपं वाटली पण पाणी नर्स घालणार, आणि तुमची काळजी आम्ही घेऊच असं सांगितलं. तीन आठवड्यांनी पहिल्या मजल्यावरचे लोक जास्त हसतेखेळते आणि उत्साही होते. रोप दोघांकडे होतं हो! फरक पाणी कोण घालतं त्याचा. मी नोकरीला लागले तेव्हा दुसऱ्या मजल्यासारखंच वागायचे, सगळं पुढे पुढे करायचे, आणि लोक नुसते बसून राहायचे, मला वाटायचं हे लोक आळशी आहेत. आजही आठवलं की वाईट वाटतं.

आता बसण्याची व्यवस्था. मोठा गोल कधीही नको. वयाने ऐकू कमी येतं तेव्हा आधी बारीक उंच आवाज जातात, म्हणजे स, श, त, फ असली अक्षरं, त्यामुळे बोलणं चाललंय हे कळतं पण शब्द कळत नाहीत, आणि मशीनवाल्यांना गलक्यात अजूनच त्रास. समोरच्याचं तोंड दिसलं पाहिजे. चार जणांचं एक टेबल, खिडकीकडे पाठ करून कुणाला बसवायचं नाही कारण मग चेहऱ्यावर अंधार पडतो आणि ओठ दिसत नाहीत. लिहायचं असेल तर जाड पेन ठेवा, ज्यांचा हात थरथरतो त्यांच्याकडून सांगून घ्या आणि दुसऱ्याने लिहा. सांगताना माणूस लिहिण्यापेक्षा जास्त मोकळा होतो हा माझा अनुभव. ज्यांचं माणूस नुकतंच गेलंय त्यांना आधीच बाजूला घेऊन विचारा की बसायचंय का, आणि नुसतं ऐकत बसले तरी चालेल असं सांगा.

आणि आभार नेमका असू द्या. "स्टाफचे आभार" याने कुणालाच काही होत नाही. माझ्याकडे एका आजोबांनी रात्रपाळीच्या मुलाला चिठ्ठी सांगितली होती, एवढीच, की तू रात्री दार लावताना कडी बोटाने धरून हळू लावतोस ते मला कळतं. त्या मुलाने ती चिठ्ठी पाकिटात ठेवली, दोन वर्षांनी पण होती.

स्मृतिभ्रंश असलेल्यांना वगळू नका. आयोवा विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१४ मध्ये अल्झायमर असलेल्यांना आनंदी आणि दुःखी व्हिडिओ दाखवले होते, थोड्या वेळाने बघितलेलं त्यांना जेमतेम आठवत होतं पण ती भावना टिकून होती. म्हणजे कोण आलं होतं ते विसरतील, पण बरं वाटलं ते राहतं.

शेवटचं, आणि हे मी हात जोडून सांगते. सुरू केलंत तर मध्येच सोडू नका. शुल्झ नावाच्या संशोधकाने १९७६ मध्ये वृद्धांच्या एका निवासात विद्यार्थ्यांच्या भेटी ठेवल्या होत्या, भेट कधी हे ज्यांना आधी माहीत होतं किंवा ज्यांना स्वतः ठरवता येत होतं त्यांची तब्येत आणि मन सुधारलं. मग अभ्यास संपला, भेटी थांबल्या. पुढच्या काही वर्षांत परत बघितलं तर जे सुधारले होते तेच जास्त खाली आले होते. महिन्यातून एकदा म्हणालात ना, मग तेवढंच, पण तारीख ठरलेली आणि मोठ्या अक्षरात बोर्डवर, आणि तुम्ही येणार नसाल तर कोण घेणार हेही आत्ताच ठरवा.

थेट_बोलते

वरचं सगळं पटलं पण एक गोष्ट कुणी बोललं नाही. माझी मावशी राहते तिथली लिफ्ट आठ दिवस बंद होती, तिसऱ्या मजल्यावरची माणसं आठ दिवस खाली उतरली नाहीत, आणि त्याच आठवड्यात आभार दिवस ठेवला, भिंतीवर कागदी फुलं आणि प्रत्येक फुलावर थँक्यू. मावशीला रडू आलं. तक्रार ऐकून घ्यायची सोय नसेल तिथे कृतज्ञतेचा कार्यक्रम म्हणजे तोंडावर हात ठेवल्यासारखं वाटतं, मग कार्यक्रम घेणाऱ्याचा हेतू कितीही चांगला असो. ताई, तुम्ही बाहेरच्या आहात, तुमचं मॅनेजमेंट ऐकेल. आधी तक्रारी लिहून घ्या, त्यातल्या दोन तरी सुटू द्या. त्या आजींना जाऊन भेटलात का तुम्ही?

पाऊलवाट

नाही भेटले. धीर झाला नाही. या शनिवारी जाते.

पाऊलवाट

अपडेट देतेय, उशीर झाला, पाच आठवडे झाले.

आजींना भेटले. मी सॉरी म्हणायला तोंड उघडलं तर त्याच म्हणाल्या बस, आणि अर्धा तास मला बाथरूममधल्या दांडीबद्दल सांगितलं, ती उजव्या बाजूला आहे आणि त्यांचा उजवा हात लुळा पडलाय, धरायला डावीकडे काहीच नाही, म्हणून अंघोळीला मुलगी लागते. दांडी असती तर एकट्या करू शकल्या असत्या! म्हणजे रोजचे निम्मे थँक्यू त्या एका दांडीमुळे होते. मी ऑफिसमध्ये तीन वेळा जाऊन बसले, गेल्या मंगळवारी डावीकडे दांडी बसली.

कार्यक्रमाचं नावच बदललं. टेबलं लावली चार-चार जणांची, आणि एका मोठ्या कागदावर दोनच रकाने, "मला येतं" आणि "मला हवंय". निवांत काका, ही तुमचीच कल्पना. आईने लिहिलं बटणं लावून देते. एकांनी लिहिलं घड्याळाची वेळ लावून देतो. आजी आल्या, पहिला अर्धा तास नुसत्या बसल्या, मग मला म्हणाल्या लिही, मला कुणाचंही अक्षर वाचता येतं, मी ३१ वर्षं दवाखान्यात डॉक्टरांचे केसपेपर उतरवून काढलेत.

आणि ते काका, ज्यांच्या हातात माइक आपटला होता, ते काही न बोलता उठून खोलीत गेले आणि एक जुनी फोन नंबरांची वही घेऊन आले. बायकोने लिहिलेली. तिचं अक्षर बारीक आणि नावांऐवजी नुसती खुणेची अक्षरं, तिच्या एका मावसबहिणीला कळवायचं राहिलं होतं चार महिने कारण नंबर लागतच नव्हता. आजींनी वही डोळ्याजवळ धरली, पानं मागेपुढे केली, मग म्हणाल्या, "अहो हा एक नाही, सात आहे. त्या साताची वरची मान काढत नसत, इथे बघा, इथेही तसाच." काकांनी तिथूनच फोन लावला. लागला.

थँक्यू वगैरे काही म्हणाले नाहीत ते. फोन झाल्यावर वही आजींसमोरच ठेवली आणि पुढचं पान उघडून दिलं.

जुनी_वही ताई, तारीख बोर्डवर लावलीय, दर महिन्याचा दुसरा शनिवार, आणि मी नसेन तेव्हा आई घेणार आहे.

निवांत काका, एक विचारायचं होतं, "मला हवंय" मध्ये दोघांनी कानाच्या मशीनचे सेल लिहिलेत. एक आजोबा शिकायला तयार आहेत. नवीन सेल घातला तरी मशीन नीट चालत नाही म्हणतात, काय चुकत असेल?

निवांत_संध्याकाळ

स्टिकर काढल्या काढल्या घालत असतील. तो सेल हवेवर चालतो, स्टिकर काढला की निदान एक मिनिट उघडा ठेवायचा, जमलं तर पाच, मग घालायचा. हात कोरडे हवेत. आणि एकदा काढलेला स्टिकर परत लावून सेल वाचत नाही, हे त्यांना आधीच सांगा, मी पहिल्या वर्षी तेच करत होतो. सपाट बाजूला अधिकची खूण असते ती बोटाने कळत नाही, म्हणून पांढऱ्या रुमालावर ठेवून बघायचं म्हणजे निसटला तरी दिसतो. त्या आजोबांना अडलं तर माझ्याशी फोनवर बोलू द्या, रविवारी दहानंतर मी मोकळा असतो.