दोन मनोरे आणि एक नल: मिडियम वेव्हचा रात्रीचा पॅटर्न

खरखर:
अमेरिकेतली बरीच एएम स्टेशनं सूर्य मावळला की पॅटर्न (कोणत्या दिशेला किती सिग्नल जातो ते) बदलतात. त्यामागचं कारण ठाऊक आहे: दिवसा आयनांबरातला डी थर मिडियम वेव्ह शोषून घेतो, रात्री तो विरतो आणि वरून परतलेली लहर शेकडो किलोमीटरवरच्या त्याच फ्रीक्वेन्सीच्या स्टेशनाला त्रास देते. अडतंय त्यापुढे. उभा मनोरा (एएममध्ये तोच अँटेना) चहूबाजूंना सारखंच फेकतो, मग असे दोन उभे केल्यावर एका बाजूला शांतता (तिलाच नल म्हणतात) कशी होते? आणि दोन मनोऱ्यांतल्या करंटचं गुणोत्तर ठरल्याच्या 5 टक्क्यांच्या, फेज (एकाची लहर दुसऱ्याच्या किती मागे-पुढे ते) 3 अंशांच्या आत ठेवा असा एफसीसीचा (अमेरिकेच्या दळणवळण नियामकाचा) दंडक आहे. एवढा काटेकोरपणा कशासाठी?

मनोरा_नंबर_दोन:
1000 किलोहर्ट्झ धरा, हिशेब सोपा जातो. तरंगलांबी 300 मीटर, ती म्हणजे पूर्ण 360 अंश, म्हणून 75 मीटर झाले 90 अंश. पश्चिमेला मनोरा अ, तिथून 75 मीटर पूर्वेला ब. दोघांत करंट सारखाच, पण ब ला 90 अंश उशिरा. पूर्वेकडे निघालेली अ ची लहर ब पाशी पोचेपर्यंत 90 नी मागे पडते, आणि ब मुळातच 90 नी मागे. दोघी जोडीनं जातात, बेरीज 2. पश्चिमेकडे उलट: ब आधीच 90 मागे, त्यात अ पर्यंत यायला आणखी 90. झाले 180, हाती शून्य. उत्तर-दक्षिणेला 1.41.

नल ही वजाबाकी आहे, म्हणून तिथे किरकोळ चूकही उघडी पडते. ब चा करंट 0.95 झाला तर पश्चिमेला 0.05 उरतो. फेज 3 अंश सरकली तरी 0.052, म्हणजे तेवढाच. पूर्वेला मात्र फेजच्या चुकीनं 2 मधला हजारावा भागसुद्धा कमी होत नाही. आपल्या गावातल्या श्रोत्याला पत्ता लागत नाही, भोगतो पश्चिमेचा शेजारी.

जुना_व्हॉल्व्ह:
वरचं बरोबर आहे, पण तो जमिनीलगतचा नल झाला. रात्रीची लहर वर चढून जाते, आणि 30 अंश चढणीवर 75 मीटरचं अंतर 65 मीटरच भासतं, म्हणजे 78 अंश. 90 अधिक 78, 168. पुरतं कटत नाही, जास्तीत जास्त सिग्नलच्या 10 टक्के शिल्लक राहतो. (प्रत्येक मनोऱ्याचा स्वतःचा उभा पॅटर्न वेगळा गुणायचा.) ई थर साधारण 100 किमीवर धरला तर ही लहर अंदाजे 350 किमीवर उतरते. तिथलं स्टेशन वाचवायचं असेल तर ब ला 90 ऐवजी 102 अंश मागे ठेवतात. मग नल 30 अंशांवर जातो आणि जमिनीवर पश्चिमेच्या दोन्ही अंगांना 30-30 अंशांवर दोन नल पडतात. 1500 किमीवरच्या शेजाऱ्यासाठी एवढी कसरत लागत नाही, तिथला चढणीचा कोन फार कमी असतो.

हे तंत्र 1932 चं. फ्लोरिडातल्या क्लिअरवॉटरला 620 किलोहर्ट्झवरच्या डब्ल्यूएफएलए-डब्ल्यूएसयूएनसाठी रेमंड विल्मॉट यांनी दोन मनोऱ्यांचा अँटेना बसवला, मिलवॉकीच्या डब्ल्यूटीएमजेला त्रास होऊ नये म्हणून. दिशा नेहमी शेजाऱ्यासाठीच वळवतात असंही नाही. बॉस्टनच्या डब्ल्यूबीझेडचे मनोरे हल गावात समुद्रकाठी आहेत, आणि सिग्नल पश्चिमेला वळवलाय. पूर्वेला अटलांटिक, मासे काय ऐकणार!

खरखर:
हिशेब पटला. आता असं धरा की मॉनिटरवर (मनोऱ्यांचे करंट आणि फेज दाखवणारं यंत्र) गुणोत्तर आणि फेज जागेवर आहेत, पण नलच्या दिशेतल्या मॉनिटर पॉइंटवर (बाहेर मोजणीसाठी ठरवलेली जागा) फील्ड वाढलंय. फेजरचे (मनोऱ्यांना करंट आणि फेज वाटून देणारी पेटी) क्रँक फिरवायचे का?

तांब्याची_तार:
अजिबात नाही! क्रँक सगळ्यात शेवटी.

आधी मुख्य लोबमधल्या (जिकडे सिग्नल जोरात जातो त्या दिशेच्या) पॉइंटवरही मोजा. सगळीकडे सारख्याच प्रमाणात वाढलं असेल तर जमीन बदललीय. थंडीत जमीन गोठली की असं होतं. फक्त नलमध्येच वाढलं असेल तर फील्ड मीटरचा लूप (वेटोळ्याचा अँटेना) सावकाश फिरवा. कमाल रीडिंग मनोऱ्यांच्या दिशेलाच यायला हवं. भलत्याच दिशेला आलं तर तिकडे नवा मोबाइल टॉवर, विजेची लाइन किंवा लांबलचक तारेचं कुंपण शोधा. ते तुमचाच सिग्नल पुन्हा फेकतंय. टॉवर असेल तर त्याला तारांचा घागरा बांधून डीट्यून करावं लागतं, म्हणजे तो तुमची लहर पुन्हा फेकत नाही.

तसं काही सापडलं नाही तर मॉनिटरवर संशय घ्या. सॅम्पल लाइन (मनोऱ्यावरच्या सॅम्पल लूपकडून मॉनिटरकडे नमुना आणणाऱ्या केबल) एकाच लांबीच्या हव्यात. 1000 किलोहर्ट्झला फोम केबलमध्ये साधारण 70 सेंटीमीटरला 1 अंश जातो. कनेक्टरमध्ये पाणी शिरलं तर मॉनिटर छान दिसतो आणि मनोरे वेगळंच करत असतात. मॉनिटरच्या मागे दोन्ही लाइन अदलाबदल करा: फेज -90 ची +90 आणि गुणोत्तर नेमकं उलटं यायला हवं. तसं आलं तर मॉनिटर ठीक, लाइन आणि सॅम्पल लूप तपासा.

मग जमिनीतल्या तारा. प्रत्येक मनोऱ्याभोवती पाव तरंगलांबीच्या 120 तारा असा प्रघात आहे. तांबं चोरीला जातं, त्यामुळे बुंध्याशी पट्टीला जोडलेल्या तारा मोजूनच बघा.

एवढं करूनही क्रँकवर वेळ आलीच तर आधी सगळ्या डायलचे आकडे लिहून ठेवा. एका वेळी एकच क्रँक, अर्धा फेरा. मनोरे एकमेकांना जोडलेले असतात, एकाची फेज हलवली की दुसऱ्याचा करंटही हलतो. शेवटी कॉमन पॉइंट (ट्रान्समीटरची पॉवर फेजरमध्ये शिरते ती जागा) पुन्हा 50 ओहमवर आणा, नाहीतर करंटवरून काढलेली पॉवर खोटी ठरेल. 5 किलोवॅटला तिथे 10 अँपिअर.

मनोरा_नंबर_दोन:
+1. भर एवढीच: पॅटर्न बदलल्यानंतरच आकडे हलत असतील तर कॉन्टॅक्टरची (दिवस-रात्रीची जोडणी बदलणारा मोठा स्विच) बोटं, म्हणजे संपर्काच्या पट्ट्या, बघा. ट्रान्समीटर बंद व्हायच्या आत कॉन्टॅक्टर हलला की ठिणगी पडते आणि बोटं काळवंडतात. बोटं बदला, पण आधी इंटरलॉकचा (कॉन्टॅक्टर हलताना ट्रान्समीटर बंद ठेवणारी सोय) मायक्रोस्विच तपासा. तो बिघडलेलाच राहिला तर नवी बोटंही तशीच जळतील.