फॅमिली ग्रुप: ट्रम्पला हूटिंग करणारा पक्ष

आबाकाका: सोन्या एक जुना व्हिडिओ आलाय, मे २०२४ चा, ट्रम्प स्टेजवर आणि समोरची पब्लिक चक्क बूऊऊ करतेय. कुठला पक्ष रे हा

सोनू (न्यू जर्सी): लिबर्टेरियन पार्टी काका, सरकारची लुडबुड नको म्हणणारा इथला छोटा पक्ष. वॉशिंग्टनला त्यांचं राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार निवडायचं कन्व्हेन्शन होतं, ट्रम्प पाहुणा म्हणून आला आणि यांनाच सुनावलं की मला उमेदवारी द्या नाहीतर बसा दर चार वर्षांनी तीन टक्के मतं घेत. दुसऱ्या दिवशी त्यांनी चेस ऑलिव्हरला निवडलं, तेही सातव्या फेरीत, शेवटी त्याच्यासमोर उरलेलं कोण तर नोटा 😂

मीनूआत्या: पक्षाच्या आतच नोटा??

सोनू: हो ना. आपल्याकडचा नोटा मशीनवरचं शेवटचं बटण, यांच्यात नोटा जिंकला तर उमेदवारच द्यायचा नाही

आबाकाका: म्हणजे सरकार नको, टॅक्स नको, राष्ट्राध्यक्ष मात्र व्हायचंय

सोनू: कमीत कमी सरकार हवं म्हणतात. पण कमी म्हणजे किती यावर आपसातच मारामारी. २०१६ ला ऑर्लँडोत डिबेटमध्ये विचारलं ड्रायव्हिंग लायसन्स असावं का, गॅरी जॉन्सन म्हणाला गाडी येते एवढं तरी दाखवावं ना, तर त्याला हूटिंग!

मीनूआत्या: मग जिंकला कोण

सोनू: तोच 😄 न्यू मेक्सिकोचा माजी गव्हर्नर ना, टीव्हीवाले ओळखतात. जवळजवळ ४५ लाख मतं, ३.३ टक्के, पक्षाचा रेकॉर्ड. पण उपाध्यक्षपदासाठी जोडीला घेतलेला बिल वेल्ड, रिपब्लिकनांचा जुना गव्हर्नर, तो नंतर परत रिपब्लिकनांत गेला. २००८ ला बॉब बार, तोही रिपब्लिकन खासदार होता, पॅट्रियट ॲक्टला, म्हणजे ९/११ नंतर सरकारला लोकांवर पाळत ठेवायचे जादा अधिकार देणाऱ्या कायद्याला, मत दिलेला, आणि त्यालाच स्वातंत्र्याचा उमेदवार केलं, मला हे कधीच पटलं नाही

आबाकाका: आयात उमेदवार, निवडणूक झाली की स्वगृही. हे तर आपल्याकडचंच

सोनू: सुरुवात तशी नव्हती पण. १९७२ चा पहिला उमेदवार जॉन हॉस्पर्स, तत्त्वज्ञानाचा प्रोफेसर, बॅलटवर नाव फक्त दोन राज्यांत, मतं चार हजारसुद्धा नाहीत. पण व्हर्जिनियाच्या एका रिपब्लिकन इलेक्टरने (राज्याच्या वतीने राष्ट्राध्यक्षासाठी शेवटचं मत देणारा प्रतिनिधी) निक्सनला सोडून यांना मत दिलं, त्यामुळे सोबतची उपाध्यक्षपदाची उमेदवार टोनी नेथन इलेक्टोरल मत मिळवणारी पहिली बाई ठरली

मीनूआत्या: अरे वा, हे नाव कधी ऐकलंच नव्हतं

आबाकाका: आपल्याकडे याच वळणाचे शरद जोशी. स्वतंत्र भारत पक्ष काढला, शेतमालावरची सरकारी बंधनं काढा म्हणून आयुष्यभर भांडले. २०१० ला राज्यसभेत महिला आरक्षणाच्या विरोधात मत देणारे ते एकटेच, १८६ विरुद्ध १

मीनूआत्या: त्याचा राग आहे मला अजून

आबाकाका: असू दे की, पण लपून नाही दिलं. मतांसाठी दुसऱ्या पक्षातनं गव्हर्नर आणण्यापेक्षा असा एकटा पडलेला माणूस मला बरा वाटतो

सोनू: मला पण प्रोफेसरच आवडला असता काका, पण २०१६ ला मत जॉन्सनलाच दिलं

मीनूआत्या: वाया घालवलंस म्हण की

सोनू: इथे न्यू जर्सीत राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत १९८८ नंतर रिपब्लिकन जिंकलेलाच नाही आत्या, माझ्या एका मताने हिलरी पडणार होती थोडीच