मदत हवी आहे: डोक्याला मार लागून ५ महिने झाले, कोणता उपचार आधी घेऊ?

५ महिन्यांपूर्वी जिन्यावरून पडले, डोकं मागून आपटलं, क्षणभर शुद्ध हरपली. त्याच दिवशी सीटी स्कॅन केला, नॉर्मल आला. कन्कशन (मार लागून मेंदूला बसलेला हादरा) त्या स्कॅनवर दिसत नाही, म्हणून 'रिपोर्ट चांगला आहे ना, मग काय' असं कृपया सांगू नका. घरात रोज ऐकते. उलट्या, फिट, बधिरपणा यातलं काही नाही. न्यूरॉलॉजिस्टनी दोनदा तपासलंय.

मान पटकन वळवली की तोल जातो. २० मिनिटं स्क्रीन पाहिली की कपाळ ठणकतं. आणि गोंगाटात समोरच्याचं वाक्य मध्येच निसटतं, याचा त्रास सर्वांत जास्त होतो. त्यापायी काम अर्धवेळ केलं, पगारही अर्धा झाला.

सुरुवातीला ३ आठवडे अंधाऱ्या खोलीत पडून राहिले, त्याने उलट बिघडलं. आता लक्षणं फार वाढणार नाहीत इतपत रोज चालते, झोप सुधारली. डोकेदुखीची गोळी आठवड्यातून फार तर दोनदा, कारण सतत घेतल्या तर गोळ्यांमुळेच डोकं दुखायला लागतं.

डॉक्टरांनी तीन गोष्टी सुचवल्यात: तोलासाठी व्हेस्टिब्युलर फिजिओथेरपी, डोळ्यांच्या हालचालींची तपासणी आणि समुपदेशन. माझ्या विम्यात अॅडमिट न होता घेतलेले उपचार बसत नाहीत. खिशातून एका वेळी एकच जमेल, तीही ४-५ सत्रं.

यातून गेलेल्यांनी सांगा, आधी कशाने फरक पडला? आणि फिजिओकडून व्यायाम शिकून घरीच केले, महिन्यातून एकदा दाखवून आले, तर तेवढं पुरतं का?