साखरपुडा, पन्नाशीची पद्मिनी आणि भंडारदऱ्याचा तंबू: एका शनिवार-रविवारात जमवावे का?

घोडबंदरकर (ठाणे)

नमस्कार. जूनच्या पहिल्या शनिवार-रविवारी आमच्या घरात सगळेच एकदम जुळून आले आहे. शनिवारी सकाळी नाशिकला भाचीचा साखरपुडा आहे, त्यासाठी धाकटा भाऊ मस्कतहून सहकुटुंब येत आहे, आणि त्याच्या मुलांनी आल्या आल्या भंडारदऱ्याला तंबूत राहून काजवे पाहण्याचे आमच्याकडून कबूल करून घेतले आहे. शाळा सुरू होण्यापूर्वी सगळी भावंडे एकत्र सापडण्याची संधी पुन्हा मिळणार नाही, त्यामुळे कोणालाच नाही म्हणवत नाही.

यात वडिलांची १९७५ सालची प्रीमियर पद्मिनी हा खरा प्रश्न आहे. वडील गेल्यानंतर ती बरीच वर्षे ताडपत्रीखाली उभी होती. या हिवाळ्यात एका जुन्या मिस्त्रींनी इंजिन उघडून, ब्रेकची सगळी रबरे बदलून ती चालती केली, आणि आता ती ठाण्यातल्या ठाण्यात व्यवस्थित फिरते. थोरल्या ताईचा आग्रह असा आहे की, ज्या गाडीतून ती स्वतः सासरी गेली त्याच गाडीतून तिची लेक कार्यालयाच्या दारात उतरावी.

ही गाडी एवढ्या उन्हाळ्यात कसारा घाट चढेल का, नाशिकहून पुढे तीच भंडारदऱ्याला न्यावी का, आणि गुडघेदुखी असलेल्या ७६ वर्षांच्या आईला तंबूत ठेवणे कितपत योग्य आहे, हे जाणकारांनी कृपया सांगावे. शिवाय गाडीला पन्नास वर्षे झाली म्हणून व्हिंटेज नोंदणी करून घ्या, असे दोघातिघांनी सुचवले आहे. तिचा काही फायदा आहे का?

जुनी चाके (नाशिक)

पद्मिनी घाट चढेल. १०८९ सीसीचे हेच इंजिन घेऊन मुंबईच्या टॅक्सीवाल्यांनी आयुष्य काढले आणि सुट्टीत याच गाड्यांतून सहासहा माणसे गावाला नेली. पण तेव्हाचे पेट्रोल वेगळे होते आणि तेव्हाच्या गाड्या रोज चालणाऱ्या होत्या, या दोन गोष्टी विसरून चालणार नाही.

पहिली गोष्ट पेट्रोलची. आता पंपावर मिळणाऱ्या साध्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. जुन्या पद्धतीचे रबरी होज पाईप आणि फ्युएल पंपाचा डायफ्राम, म्हणजे आतला लवचिक पडदा, त्यामुळे फुगतात किंवा मऊ पडून चिरतात, आणि बरीच वर्षे उभ्या राहिलेल्या टाकीच्या तळाशी साचलेला चिकटा सुटून कार्ब्युरेटरच्या जेटमध्ये, म्हणजे पेट्रोलच्या बारीक छिद्रांत, जाऊन बसतो. मिस्त्रींनी ब्रेकची रबरे बदलली असे तुम्ही लिहिले आहे, पेट्रोलच्या लाइनबद्दल काही लिहिलेले नाही. निघण्याआधी इथेनॉलला टिकणारे होज, नवा डायफ्राम आणि पंपाच्या अलीकडे एक पारदर्शक फिल्टर बसवून घ्या. फिल्टर पारदर्शक असला म्हणजे त्यात तांबूस गाळ जमतो आहे का, हे बॉनेट उघडताच दिसते.

दुसरी गोष्ट उष्णतेची. पद्मिनीचा पंखा पट्ट्यावर, म्हणजे इंजिनच्या वेगावर फिरतो. त्यामुळे चढावर वरच्या गिअरमध्ये इंजिनला कुंथवत नेले की पंखा मंदावतो आणि नेमकी तेव्हाच उष्णता सर्वाधिक असते. गाडी ओढत नाही असे वाटण्यापूर्वीच दुसऱ्या गिअरवर या आणि इंजिन मोकळे फिरू द्या. आवाज वाढला तरी घाबरू नका. पहिला गिअर चालत्या गाडीत कटकट केल्याशिवाय पडत नाही, म्हणून चढावर ट्रकच्या अगदी मागे चिकटून थांबण्याची वेळ येऊ देऊ नये.

खरी फजिती घाटात होत नाही, घाट चढून इगतपुरीला चहाला थांबल्यावर होते. गाडी बंद केली की पाणी आणि वारा दोन्ही थांबतात, इंजिनची सगळी धग वर येते, आणि इंजिनच्या अंगालाच बसवलेल्या पंपातल्या पेट्रोलची वाफ होते. मग स्टार्टर कितीही मारला तरी गाडी उठत नाही आणि मंडळी बॅटरी संपवून बसतात. यावर जुनाच उपाय आहे: बॉनेट उघडे ठेवावे, पंपावर ओले फडके टाकावे, वीस-पंचवीस मिनिटे थांबावे आणि मगच चावी फिरवावी. रेडिएटरचे झाकण मात्र गरम असताना कोणीही उघडू नये, अनुभवी माणसानेही.

सोबत जादा फॅन बेल्ट, ठिणगीसाठी लागणारे पॉइंट, कंडेन्सर, कॉइल, तसेच होजच्या क्लिपा आणि दहा लिटर पाणी ठेवा. येताना जुन्या घाटाने उतरायचे आहे. चारही चाकांना ड्रम ब्रेक आहेत आणि ते तापले की पेडल दाबूनही गाडी हवी तशी धरत नाही. ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरा.

समृद्धी महामार्ग २०२५ च्या जूनपासून भिवंडीजवळच्या आमण्यापर्यंत पूर्ण खुला झाला आहे आणि त्याने कसारा घाट टळतो, हे खरे. परंतु तासाला साठ-पासष्टच्या वेगाने जाणारी गाडी घेऊन तिथे जाऊ नये, असे माझे मत आहे. त्याच्यावरच्या सुमारे आठ किलोमीटरच्या बोगद्यात गाडी बंद पडली तर ओले फडके कुठे धरणार? जुन्या रस्त्याला शहापूर, कसारा, इगतपुरी कुठेही सावली, पाणी आणि मिस्त्री मिळतो.

कागदपत्रे आधी

नोंदणीबद्दल थोडक्यात लिहितो. २०२१ साली केंद्रीय मोटार वाहन नियमांत जी दुरुस्ती झाली, तिच्यानुसार पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपातल्या आणि खासगी वापराच्या दुचाकी-चारचाकींना व्हिंटेज नोंदणी मिळते. तिचे शुल्क २०,००० रुपये आहे, मुदत दहा वर्षांची आहे आणि क्रमांकात राज्याच्या अक्षरांनंतर व्हीए ही अक्षरे येतात. मात्र अशी गाडी नियमित वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, व्हिंटेज गाड्यांची रॅली, इंधन भरणे आणि देखभाल एवढ्यासाठीच ती बाहेर काढायची असते. म्हणजे हौसेने व्हिंटेज क्रमांक घ्यायचा आणि मग भाचीला त्याच गाडीतून साखरपुड्याला न्यायचे, हे नियमात बसत नाही.

तुम्हाला गाडी चालवायची आहे, तेव्हा नेहमीची नोंदणीच चालू ठेवा. आरटीओकडून दर पाच वर्षांनी होणारे नूतनीकरण, पर्यावरण कर, विमा आणि पीयूसी यांची मुदत पाहून घ्या. गाडी बरीच वर्षे उभी होती, त्यामुळे वडिलांच्या नावावरून ती तुमच्या नावावर झाली आहे का, हेही तपासा. वारसा हस्तांतरण राहून गेले असेल तर अपघाताच्या वेळी विम्याच्या दाव्यात अडचण येते.

प्रवराकाठ (अकोले)

आमच्या भागात येत आहात, स्वागत आहे. काळ अगदी योग्य निवडला आहे. मेअखेरीपासून पाऊस नीट लागेपर्यंतच काजव्यांचा बहर असतो, आणि वळवाची एखादी सर येऊन गेली की त्यांची संख्या एकदम वाढते. सादडा, हिरडा, बेहडा, जांभूळ अशा झाडांवर ते जमतात, आणि एखादे झाड शेंड्यापासून बुंध्यापर्यंत एकाच लयीत पेटते आणि विझते, तेव्हा बडबडी मुलेही आपोआप गप्प होतात. पंचांगात चंद्र कधी मावळतो ते मात्र पाहून या, कारण चांदण्यात निम्मी मजा जाते.

हा सगळा परिसर कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. वन विभागाच्या नाक्यावर प्रवेश शुल्क भरावे लागते आणि रात्री ठरावीक वेळेनंतर गाड्या आत सोडत नाहीत. त्या वर्षीची वेळ आधी विचारून घ्या. शनिवारी रात्री येऊच नका. त्या रात्री शेंडी या धरणाजवळच्या गावापासून पुढे गाड्यांची रांग लागते, आणि दिव्यांच्या झोतात काजवे दिसत तर नाहीतच, उलट नर-मादीचे एकमेकांना चाललेले इशारे तुटतात. हे कीटक प्रौढ झाल्यावर थोडेच दिवस जगतात, त्यातली एक-एक रात्र आपण त्यांची वाया घालवतो. मोबाइलची बॅटरीही लावू नये आणि झाडाखाली गवतात शिरू नये, कारण माद्या जमिनीलगतच असतात.

तंबूचे सांगायचे तर जलाशयाच्या अगदी काठावरची जागा फोटोत छान दिसते, पण जूनच्या सुरुवातीला पाणी खूप खाली गेलेले असते आणि उघड्या पडलेल्या गाळावर नुसती वरून पापडी धरलेली असते. त्यावर एक सर पडली की चाक रुतते आणि ट्रॅक्टर शोधत फिरावे लागते. तुमच्या पद्मिनीला तर तिथे उतरवूच नका. गावाजवळच्या उंच, मुरमाड खाचरात तंबू लावून देणारी गावकरी मंडळी आहेत; पिठले, भाकरी, ठेचा घरचा मिळतो आणि वादळ आलेच तर त्यांच्या पडवीत जाता येते. ही सोय महत्त्वाची आहे, कारण या दिवसांत संध्याकाळी विजांसह वळीव कोसळतो आणि तेव्हा एकट्या झाडाखालचा तंबू सर्वांत धोक्याचा. विजेचा आवाज सुरू झाला की तंबू सोडून पक्क्या घरात जायचे, त्यात चर्चा नको.

आईंना तंबूत ठेवू नये असे मला वाटते. खाली बसून उठणे, रात्री अंधारात लांबच्या शौचालयापर्यंत चालणे, हे गुडघ्यांना झेपणारे नाही. शेंडीला खोल्या मिळतात, पर्यटन महामंडळाचे निवासस्थानही जलाशयाजवळच आहे. सकाळी त्यांना रतनवाडीच्या अमृतेश्वर मंदिरात घेऊन जा. गाडी मंदिराच्या बरीच जवळ जाते. १९२६ साली पूर्ण झालेले भंडारदऱ्याचे विल्सन धरणही गाडीतून उतरून निवांत पाहता येते.

सुमतीमावशी (पुणे)

सगळ्यांनी गाडीचे आणि काजव्यांचे उत्तम सांगितले आहे, म्हणून मी साखरपुड्याचे सांगते. मुलीकडची माणसे म्हणून तुम्हाला शुक्रवारी संध्याकाळीच नाशिकला असले पाहिजे. ओटीचे सामान, पेढे, अंगठ्या, मुलाकडच्यांचा मानपान हे सगळे असताना शनिवारी पहाटे मामा घाटात ओले फडके धरून उभा आहे, असा निरोप आला तर ताईंनी कोणाकडे पाहायचे? गाडी शुक्रवारीच पोहोचवा आणि भाचीला शनिवारी फक्त घर ते कार्यालय एवढेच त्यातून न्या. शालू नेसलेल्या मुलीला जूनच्या उन्हात बिनएसीच्या गाडीतून यापेक्षा लांब नेऊ नये.

आणखी एक. तुमच्या आईंना खोलीत ठेवा असे वरती म्हटले आहे ते योग्यच आहे, पण त्यांना न विचारता ठरवू नका. त्यांच्याजवळ खोलीत कोणी राहायचे हेही आधीच ठरवा. बहुतेक घरांत ते काम न विचारता सुनेच्या वाट्याला येते आणि तिचे काजवे राहून जातात.

घोडबंदरकर (ठाणे)

सर्वांचे मनापासून आभार. मिस्त्रींना आज फोन केला. पेट्रोलची लाइन जुनीच आहे, असे त्यांनी सांगितले. येत्या आठवड्यात होज, डायफ्राम आणि फिल्टर बदलून होतील, आणि त्यानंतर शहापूरपर्यंत एक फेरी मारूनच पुढचे ठरेल. विमा आणि पीयूसी चालू आहेत. नाव मात्र अजून वडिलांचेच आहे, त्यामुळे हस्तांतरणाचा अर्ज आधी करतो आणि तोवर विमा कंपनीशी लेखी बोलून घेतो. व्हिंटेज क्रमांकाचा विचार सोडला.

आता बेत असा आहे: शुक्रवारी पहाटे साडेचारला मी आणि भाऊ पद्मिनी घेऊन जुन्या रस्त्याने निघू, मागून बाकीची मंडळी दुसऱ्या गाडीने येतील. शनिवारची रात्र नाशिकलाच काढू. रविवारी सकाळी घोटीवरून उजेडात शेंडीला पोहोचू. पद्मिनी तिथेच सावलीत राहील आणि काजवे पाहायला गावातली जीप ठरवू. भावाने सोमवारची रजा वाढवून घेतली आहे, त्यामुळे परतीची घाई नाही.

आईला विचारले. खोलीत राहायला तिची हरकत नाही, पण रात्री जीपमध्ये पुढच्या सीटवर तीच बसणार आहे, असे तिने सांगून टाकले आहे. 'प्रवराकाठ' यांना एकच विचारायचे आहे: गुडघे फार न वाकवता चढता येईल अशी, खालच्या पायरीची जीप शेंडीत मिळेल का?

प्रवराकाठ (अकोले)

जीप उंचच असतात, पण पायाखाली ठेवायला लाकडी पाट देणारे चालक आहेत. रविवारी दुपारी पोहोचलात की नाक्याजवळ चौकशी करा आणि संध्याकाळची गाडी तेव्हाच ठरवून ठेवा. अंधार पडल्यावर भाव वाढतो.