अंडी लगेच काढू नका

ताई, तुमची कॉकटेल (कॉकाटील, तुऱ्याचा छोटा पोपट) मादी एकटी असून अंडी घालतेय आणि तुम्ही रोज उचलून टाकताय म्हणालात, तिथंच घोळ होतोय बघा. आमच्या राजारामपुरीतल्या घरात पण हेच झालं, मी अंडं काढलं की ही बया एक दिवसाआड दुसरं घालायची, कारण तिला वाटतं गेलं ते भरून काढायला पाहिजे. नर नाही म्हणजे पिल्लू निघणार नाहीच, तेव्हा अंडी राहू द्या, साधारण ३ आठवडे बसेल आणि कंटाळून स्वतःच सोडेल, मग काढा.

पुन्हा अंडी घालू नयेत म्हणून पिंजऱ्यातला आरसा, घरट्यासारखा खोका काढून टाका, पाठीवरून हात फिरवू नका (आमच्या आईला हे पटवता पटवता नाकी नऊ आले), आणि संध्याकाळी लवकर झाकून १२-१४ तास अंधार द्या, हॉलमधला टीव्ही रात्री अकरापर्यंत चालू असला की तिला वाटतं दिवस मोठा झाला, म्हणजे अंडी घालायचा सीझन आलाच. कटलबोन, म्हणजे आपला समुद्रफेस, कायम लटकवून ठेवा, अंड्याच्या कवचाला कॅल्शियम तिच्याच अंगातनं जातं.

पण पिसं फुगवून तळाला बसली, जोर लावतेय आणि अंडं येत नाही असं दिसलं तर घरगुती उपाय करत बसू नका, अंडं अडकलं असेल, त्याच दिवशी पक्ष्यांच्या डॉक्टरकडं पळा.